काठी कोणाच्या हातात होती

मोठेबाबा, शाळेच्या रंगमंचावरची तुमच्या नावाची पाटी मी काढायला लावली. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला हे कळायचा काही मार्ग नाही. तरी कोणीतरी तुम्हाला हे सांगायला हवं, आणि ते मीच सांगावं, असं फार दिवसांपासून वाटत होतं. रंगमंच तुमच्या मोठ्या मुलानं बांधून दिला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत तुमचं नाव, नावाच्या वर 'आदर्श शिक्षक'. आता तिथे नुसती चार भोकं आहेत, स्क्रू काढल्याची. मुकुटबनकडून वणीला जाणारी, मी कंडक्टर असलेली बस शाळेसमोरच थांबते, आणि प्रवासी चढेपर्यंत मी दारात उभी राहून ती भोकं बघते. मला बरं वाटतं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटतं.

तो पोळ्याचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी पहिलीत होते आणि धाकटा आईच्या कडेवर होता. आम्ही मुली मारुतीच्या ओट्यावर बसून बैल बघत होतो. शिंगांना रंग, अंगावर झुली, कपाळाला बाशिंगं, आणि तोरणाखाली माणसं एकमेकांवर झडत्या, चिमटे काढणारी पोळ्याची कवनं, म्हणत होती. आपली जोडी पुढे की शेजारच्या शेतवाल्यांची, यावरून आवाज चढले. वाजंत्री थांबली नव्हती, त्यामुळे भांडण आहे हे आम्हाला आधी कळलंच नाही. मग बैल उधळले, धूळ उठली, माणसं पळाली, आणि धूळ बसली तेव्हा शेजारचा शेतवाला आडवा पडला होता. त्याला जीपमध्ये घालून वणीला नेलं, पण तो वाटेतच गेला. दिवस मावळायच्या आत पोलीस आले आणि बाबांना घेऊन गेले. बाबांनी जाताना मागे वळून पाहिलं नाही. बैलांची बाशिंगं कोणी सोडली नाहीत. आई पुरणपोळीचं ताट हातात घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं ते ना बैलांपुढे ठेवलं, ना परत नेलं. बाबांचे थोरले भाऊ म्हणून तुम्ही तिच्या हातातून ताट काढून घेतलंत आणि म्हणालात, "मी हावो नं." हे तीन शब्द मी पुढे कितीतरी वर्षं देवाच्या वाक्यासारखे जपले.

तेव्हापासून मी 'मर्डरवाल्याची' झाले. माझं नाव गावात फारसं कोणी घेईना. शाळेत चोर-पोलीस खेळताना चोर कोण हे ठरवायला वेळच लागायचा नाही. एका मैत्रिणीच्या आईनं तिला माझ्या डब्यातलं खाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि ती बिचारी मला म्हणाली, "तुह्या घरची भाजी चांगली रायते वं, पन माय मारते." मला त्या घरच्या भाजीचीही लाज वाटू लागली. शेतात बायका आईच्या ओळीत उभ्या राहत नसत. कापूस वेचताना ती एकटीच एका कडेला असे, आणि मी शाळा सुटल्यावर तिच्याकडे जायच्याऐवजी तुमच्याकडे यायचे, कारण तुमच्याजवळ उभी राहिले की मला कोणी काही बोलत नसे. तुम्ही शाळेचे गुरुजी होतात. तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी शाळेत जायचे आणि वाटेत तुम्ही माझ्याकडून पाढे उलटे म्हणून घ्यायचात. शाळा येईपर्यंत पाढा संपला की तुम्ही घंटी वाजवायचात. माझ्यासाठी, फक्त माझ्यासाठी. तुमची स्वतःची मुलं पायी यायची.

चौथीत तुम्हीच आमच्या वर्गावर होतात. एका मुलीचा शिसपेन्सिलीचा डबा माझ्याकडून तुटला आणि मी नाही म्हणाले. तुम्ही मला समोर बोलावलंत, हात पुढे करायला लावलात आणि पट्टीनं मारलंत. मार आठवत नाही. तुमचं वाक्य आठवतं. "माह्या घरचं लेकरू खोटं बोलते? तुटलं त तुटलं, पन आपून केलं ते आपून सांगाव." सगळा वर्ग ऐकत होता. मी रडले, पण मनातून मला तुमचा अभिमान वाटला. बघा, सख्ख्या पुतणीलाही सोडत नाहीत. त्या दिवसापासून मी खोटं बोलले नाही, मोठेबाबा. तिकिटाच्या एका रुपयाचंही नाही. आज ती पट्टी माझ्या हातात असती तर काय केलं असतं, हे इथे लिहायची गरज नाही.

बाबांच्या भेटीला तुम्हीच आम्हाला न्यायचात, आधी यवतमाळला, मग नागपूरला. पहाटे उठून आई भाकरी बांधायची आणि धाकट्याला सदरा घालायची. पोरगा वाढला हे बाबांना दिसावं म्हणून तो सदरा ती मुद्दाम थोडा आखूड झालेला निवडायची. आत जाळी होती, जाळीच्या पलीकडे माणसं आणि अलीकडे आम्ही, आणि सगळे एकाच वेळी ओरडून बोलायचे. पहिल्या भेटीत मला बाबा ओळखूच आले नाहीत. डोक्याचे केस बारीक कापलेले, अंगावर पांढरे कपडे. ते जाळीला बोटं लावून म्हणाले, "ये नं बाई, बाबाजवळ ये." आणि मी तुमच्या धोतरामागे लपले. बाबा म्हटल्यावर मी तुमच्याकडे गेले, मोठेबाबा. बाबांनी ते पाहिलं. जाळीवरची बोटं हळूच खाली घेतली आणि तुमच्याकडे बघून हात जोडले. "दादा, तू हायेस म्हनून मी इथं निवांत हावो," असं काहीतरी ते म्हणाले. तुम्ही काय केलंत? मान डोलावलीत. "पोरगी हुशार हाय, फिकर करू नोको," म्हणालात. एका माणसानं तुमची जागा घेतली होती, त्याच्या लेकीनं त्याच्यासमोर तुमचं धोतर धरलं होतं, आणि तुम्ही त्याचे जोडलेले हात स्वीकारलेत. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. बाकी सगळं विसरले तरी ही नाही.

धाकट्याचं तर मी काय सांगू. मला निदान तुम्ही मिळालात. तो हट्टी होता म्हणून तुम्हाला आवडत नसे. तुमची मुलं नागपूरला कॉलेजात गेली, आणि तो आठवीतून निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याचं मन नाही शाळंत." वणीला कोळशाच्या ट्रकवर तो किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागला. पोरं चिडवायची, तर त्यानं चिडवण्याचंच हत्यार केलं. कॉलर वर करून सांगायचा, "माह्या बापानं मर्डर केला हाय, मी काय भितो?" आणि खरंच कोणी त्याच्या वाटेला जाईना. भांडणं, दारू, एकदा डोकं फुटून घरी आला. मी म्हटलं, "काहून करून राह्यला हे?" तर म्हणाला, "लोकं मले आधीच तसं समजतेत. मंग फुकटात कायले बदनाम होऊ?" त्याच्या कपाळावर टाके घालताना मी त्याचा हात धरून उभी होते आणि मनातल्या मनात बाबांना शिव्या देत होते. बाबांना! जाळीमागच्या त्या माणसाला मी किती वर्षं शिव्या दिल्या, याचा हिशेब तुमच्याकडे मागायचा आहे.

बाबा सुटून आले तेव्हा मी दहावी होऊन चार वर्षं झाली होती. घरात एक अनोळखी माणूस वाढला, एवढंच. ते अंगणात बसायचे, बैलांचं बघायचे, कोणी विचारलं तर हो-नाही म्हणायचे. मी त्यांच्या ताटात भाकर वाढायचे आणि त्यांच्या हातांकडे बघायचे. या हातांनी मारलं, असं मनात यायचं आणि भाकर थोडी लांबूनच टाकली जायची. ते ती उचलून कुस्करायचे. माझ्यासाठी आलेली स्थळं 'बाप जेलातून आला' म्हणून परत जायची, आणि दर वेळी बाबा गोठ्यात जाऊन बसायचे. मी नोकरीला लागले त्याच वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या तिरडीचा खांदा बाबांनी घरापासून नदीपर्यंत कोणाला बदलू दिला नाही. मी ढसढसा रडले. लोक म्हणाले, पोरीचा खरा बाप गेला.

मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची फेरी होती, बस जवळजवळ रिकामी. मुकुटबनला एक म्हातारी चढली. शेजारच्या शेतवाल्याची बायको, त्याच पोळ्याला विधवा झालेली. आयुष्यभर आम्ही एकमेकींना टाळलं होतं. ती माझ्या बसला कधी चढत नसे, त्या दिवशी उन्हाला भिऊन चढली असावी. मी तिकीट दिलं आणि पुढे निघाले तर तिनं माझ्या शर्टाची बाही धरली.

"बस इथं," ती म्हणाली. "म्या आता जास्त दिवस काढत नाही. तुले एक सांगाचं हाय. तुह्या बापानं नाही मारलं माह्या मानसाले."

मला वाटलं, उन्हानं काही बरळते आहे.

"म्या तिथंच होती. काठी गुरुजीच्या हातात होती. तुहा बाप त आडवा येत होता त्याले, 'दादा, राहू दे, राहू दे' म्हनून."

"मंग तू कोनाले सांगतलं काहून नाही?" माझा आवाज इतका चढला की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

"ठान्यात सांगतलं. ते म्हने, तो सोताच कबूल करून राह्यला, तू कायले मधात येतं. माह्या दिरायले कोनीतरी जेलात गेलं म्हनजे झालं. बाईमानसाचं कोन आयकते वं?" मग तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर बघतच म्हणाली, "माहे लेकरं बिनबापाचे झाले, तुमी बी झाले. अन् मारनारा शाळंत शिकवे. माहा पोरगा त्याच्याच वर्गात होता, मालूम हाय तुले? रोज त्याले 'नमस्ते गुरुजी' म्हने."

वणी आलं. ती उतरून गेली. मी डेपोत हिशेब दिला, आणि तशीच युनिफॉर्मवर गावाला परत आले. आई चुलीपुढे होती. मी काही प्रस्तावना केली नाही. "काठी कोनाच्या हातात होती?" एवढंच विचारलं. आईनं तव्यावरची भाकर उलटली, भाजली, उतरवली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुले आज समजलं काय?" ती म्हणाली. तिचा राग माझ्यावर होता, इतकी वर्षं न कळल्याचा. मग तिनं सांगितलं. पोलीस यायच्या आधी तुम्ही बाबांना गोठ्यात नेलं होतं. आई ताट घेऊन दाराबाहेर उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं. तुम्ही म्हणालात, माझी नोकरी गेली तर दोन्ही घरं बसतील, तू कबूल हो, तुझ्या लेकरांना माझ्या लेकरांसारखं पाहीन. बाबा लहान भाऊ. तुम्ही त्यांना खांद्यावर घेऊन वाढवलेलं. ते फक्त म्हणाले, "बरं दादा." आणि तुम्ही बाहेर आलात, आईच्या हातातून ताट घेतलंत आणि ते तीन शब्द बोललात.

धाकट्याला मी वणीत, ट्रकांच्या थांब्यावर जाऊन सांगितलं. तो आधी हसला. मग खाली बसला, टायरला टेकून. "म्हनजे बाबानं कोनालेच नाही मारलं?" नाही म्हटलं. "मंग म्या कोनाच्या भरोशावर दादागिरी केली वं ताई इतके वर्ष?" असं म्हणून तो माणूस, चाळिशीला आलेला, कपाळावर टाक्यांची खूण असलेला, गुडघ्यात डोकं घालून रडला. त्याला रडताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी असताना मी ठरवलं की तुम्हाला सोडायचं नाही. पण तुम्ही मेला होतात. मेलेल्या माणसाचं काय बिघडवायचं? त्याचं नाव तेवढं उरतं. मी वाट पाहिली.

वाट फार पाहावी लागली नाही. प्रजासत्ताकदिनी रंगमंचाचं उद्घाटन ठरलं. तुमचा मोठा मुलगा स्वतः आम्हाला बोलवायला आला, बाबांसाठी नवं धोतर घेऊन. कार्यक्रमात मुलांची कवायत झाली, भाषणं झाली. गुरुजींनी गावाला खरं बोलायला शिकवलं, असं कोणीतरी म्हणालं. मग कुटुंबातून कोणी दोन शब्द बोलावे म्हणून विचारणा झाली आणि मी उठले. बाबांना वाटलं मी तुमचे आभार मानणार. मी माइक हातात घेतला. मी पाढ्यांचं सांगितलं, सायकलचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. मग म्हणाले, "आपून केलं ते आपून सांगाव, असं त्यायनं मले शिकवलं. त्यायनं जे केलं ते त्यायनं कधी सांगतलं नाही, म्हनून मी सांगतो. पोळ्याले मानूस मेला, त्याले मारनारी काठी ह्या पाटीवरच्या मानसाच्या हातात होती. माहा बाप त्याच्या बदली जेलात गेला."

कोणीतरी माइक बंद केला. तुमचा मुलगा ओरडला, "खोटं बोलते ही!" तेव्हा बायकांच्या रांगेतून ती म्हातारी उठली. काठी टेकत पुढे आली आणि माइकशिवायच म्हणाली, "खरं हाय. गावातल्या बुढ्यायले समद्यायले मालूम हाय. बोला नं आता." पहिल्या ओळीत बसलेले तुमच्या वयाचे सगळे जमिनीकडे बघत राहिले. त्यातच सगळं आलं. तुमच्या मुलाचा चेहरा मी नीट पाहून घेतला. त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. मला त्याची दया यायला हवी होती, त्यानं तरी काय केलं होतं? आली नाही. आता तूही 'मर्डरवाल्याचा' झालास, एवढंच मनात आलं, आणि ते गोड लागलं. त्याच आठवड्यात शाळेनं पाटी उतरवली.

बाबा कार्यक्रमातून उठून एकटे घरी गेले होते. मी पोचले तेव्हा नवं धोतर घडी करून खाटेवर ठेवलेलं होतं. मला वाटलं होतं, ते माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. ते म्हणाले, "माह्याजवळ जिंदगीत एकच गोष्ट होती, दादाले देल्ला शब्द. तो बी तू ठेवला नाही." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. उन्हाळा गेला, पेरणी झाली, ते बोलले नाहीत. मी तरीही मागे हटले नाही. दर रजेला घरी जात राहिले, त्यांच्या ताटात जवळ बसून भाकर वाढत राहिले, आणि त्यांच्या हातांकडे मन भरून बघत राहिले. तुम्ही मला हे हात कधी बघू दिले नव्हते.

पोळा झाल्यावर काही दिवसांनी, एका दुपारी आई भाकरी थापत असताना बाबा अचानक म्हणाले, "अशी नाही. जाड होऊन राह्यली. जेलात म्या पोया लाटत होतो." आई आणि मी दोघी थांबलो. जेलचं त्यांच्या तोंडून आम्ही कधीच काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, तिथल्या भटारखान्याचं, ढिगानं मळलेल्या कणकेचं, भट्टीच्या धगीचं, शेजारी बसून लाटणाऱ्या एका म्हाताऱ्या कैद्याचं, जो गाणी म्हणायचा. बोलता बोलता ते एकदा हसलेसुद्धा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं ते जेलचं का बोलले नाहीत. एक शब्द बोलले असते तर दुसरा आला असता, आणि शेवटी तुमचं नाव आलं असतं. तुमच्यासाठी त्यांनी नुसती वर्षं दिली नाहीत, मोठेबाबा, बोलणंही दिलं होतं. ते मी परत आणलं. माझ्यावरचा राग त्यांनी अजून पूर्ण सोडलेला नाही, पण आता ते जेवताना बोलतात. धाकटाही येऊन बसतो आणि लहान पोरासारखं विचारतो, "मंग काय झालं बाबा?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणाला वाचून दाखवायचं नाही. लिहून झालं की तसंच कपाटात राहील. मला पश्चात्ताप झालेला नाही आणि तुमच्या फोटोला मी हार घालत नाही. एक गोष्ट मात्र कबूल करते. तुम्हाला 'अरे-तुरे' करूनच लिहायचं, असं ठरवून मी बसले होते. माझ्या बापाचं आयुष्य खाणाऱ्याला 'तुम्ही' कशाला म्हणायचं? पहिल्या ओळीपासून प्रयत्न केला. दोनदा खोडलं. जमलं नाही, मोठेबाबा.